तांदळात लिहिलेलं नाव

नवरा घरात खाटेवर बसून चहा पितोय, आणि बायको बाहेर, त्याच्या माघारी आपलं काय होणार याचे कागद गोळा करत हिंडतेय. अशी बाई मला कोणी आधी दाखवली असती, तर मीच म्हटलं असतं, काय बाई आहे, जरा म्हणून धीर धरवत नाही हिला. मागच्या वर्षी ती बाई मीच होते. आठ दिवस होते माझ्याकडे, आणि त्या आठ दिवसांत मी एक भाकरी नीट बसून खाल्ली असेल तर शपथ.

आमचे हे धुळ्याला पाटबंधारे खात्यात कारकून होते. तिथूनच निवृत्त झाले आणि मग आम्ही जळगावला मुलाकडे आलो. मुलगा एका डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे, सून एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला जाते. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा आमच्या ओट्यावर माणसांची रीघ लागली. कोणी नशिराबादच्या हायवेवरचे प्लॉट दाखवायचा, कोणी पतपेढीचं जास्त व्याज, कोणी सोनं घ्या म्हणायचा, जळगावात राहून सोनं घेत नाही म्हणजे काय. ह्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि कोणाचंही ऐकलं नाही. निम्मे पैसे पोस्टात ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत टाकले, निम्मे बँकेत मुदत ठेवीत, आणि वर महिन्याची पेन्शन. सगळ्या पावत्या एका निळ्या फाईलीत, फाईल कपाटात, कपाटाची किल्ली जानव्यासारखी गळ्यात. मी कधी काही विचारलं तर एकच उत्तर, त्यांच्या अहिराणीत. "बठ्ठं व्यवस्थित शे. तू काळजी नको करू."

आणि खरंच, व्यवस्थित होतं. मी शेजारणींना ऐटीत सांगायचे, आमच्याकडे उद्याची चिंता नाही म्हणून.

मग एका बुधवारी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. अँजिओग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, तीन नळ्या बंद आहेत, बायपास करावी लागेल, फार दिवस काढू नका. नाशिकची तारीख मिळाली, पुढचा गुरुवार. ऑपरेशनसाठी एक मुदत ठेव मोडायची ठरली. ह्यांनी गळ्यातली किल्ली काढून सुनेच्या हातात दिली. माझ्या नाही, सुनेच्या. तिला कागद कळतात म्हणून. मला तेव्हा ते थोडं लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

सून फाईल घेऊन स्वयंपाकघरात आली. मी वांगी भाजत होते. ती ओट्याला टेकून पावत्या चाळत होती, आणि मधेच थांबली. "आई," ती म्हणाली, "ठेवीवर वारस म्हणून हे नाव कोणाचं आहे?"

मी बघितलं. "माझंच की."

"तुमच्या आधारवर हे नाही."

"आधारवर माझं माहेरचं आहे. हे सासरचं."

तिने फाईलीतलं एकेक पान उलटून दाखवलं. बँकेत सासरचं नाव. पोस्टात सासरचं. पेन्शनच्या पुस्तकात आमच्या दोघांच्या जोडफोटोखाली सासरचं. आणि माझ्याजवळ मी मीच आहे हे सांगणारं जे जे काही होतं, आधार, पॅन, माझं स्वतःचं खातं, शाळेचा दाखला, त्या सगळ्यावर माहेरचं. आधारवाल्याने जन्मतारखेचा पुरावा मागितला होता, तो शाळेच्या दाखल्याशिवाय दुसरा नव्हताच. दाखल्यावरचं नाव त्याने उचललं, पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव जोडलं. मी म्हटलं, असेना का, नाव माझंच आहे.

सून हळूच म्हणाली, "आई, आप्पांनी सगळे पैसे ज्या बाईच्या नावावर ठेवलेत, ती बाई कागदोपत्री नाहीच."

वांगं तव्यावर करपलं. त्या दिवशीचं भरीत कोणीच खाल्लं नाही.

आता हे सासरचं नाव आलं कुठून, ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण सांगते. माझं माहेर एरंडोलजवळ. लग्न लागून मी सासरी आले, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, लक्ष्मीपूजन झालं. मग सासूबाईंनी तांदळाने भरलेलं ताट पुढे ठेवलं आणि ह्यांनी बोटातल्या अंगठीने त्या तांदळात माझं नवीन नाव लिहिलं. आजूबाजूच्या बायकांनी वाकून वाचलं, पेढे वाटले, झालं. एकोणीस वर्षं जे नाव होतं ते एका ताटाने पुसलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याच तांदळाची खिचडी टाकली. वाया कशाला घालवायचे.

ते नाव मला मुळीच आवडलं नव्हतं. मला वाटायचं, सासूबाईंनीच निवडलं असणार, त्यांच्या कुठल्या तरी मावशीचं. घरात ते चालायचंही फारसं नाही. ह्यांनी तर जन्मात मला नावाने हाक मारली नाही. "ऐकी लेय," नाहीतर मुलाचं नाव घेऊन हाक. पण ऑफिसात, जिथे जिथे रकाना होता, तिथे तिथे ह्यांनी तेच नाव सुंदर अक्षरात भरलं होतं. मी दोन्ही नावं लिहीत नाही इथे. त्या नावांनी आधीच पुष्कळ कागद खाल्लेत.

शुक्रवारी सुनेने अर्धी रजा टाकली आणि आम्ही बँकेत गेलो. काउंटरवरचा साहेब तरुण होता, बोलायला मोकळा. त्याने दोन्ही नावं शेजारी ठेवून पाहिली आणि म्हणाला, "काकू, काकांना दोन बायका तर नाहीत ना?" पलीकडच्या टेबलवरची बाई हसली. मी नाही हसले. पण पुढे तो नीट बोलला. म्हणाला, सध्या काहीच अवघड नाही. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं काकांचं प्रतिज्ञापत्र आणा, ठेव दोघांच्या नावावर करून टाका, म्हणजे दोघांपैकी कोणालाही काढता येईल. काकांची सही पाहिजे फक्त. "आणि सही नसली तर?" मी विचारलं. त्याने पेन खाली ठेवलं. "मग वेळ लागतो," एवढंच म्हणाला.

सही पाहिजे फक्त. माणूस घरी बसलाय, हात धड आहे, अक्षर मोत्यासारखं आहे, आणि मला ती सही मागता येईना. घरी लोक बघायला येत होते, शहाळी आणत होते, बिस्किटं आणत होते, आणि प्रत्येक जण म्हणायचा, काही होत नाही आप्पा, हल्ली बायपास म्हणजे दाढ काढण्यासारखं झालंय. अशा वेळी बायकोने कागद पुढे करायचे? तुम्ही गेलात तर मला पैसे नीट मिळावेत म्हणून इथे सही करा म्हणायचं? मी दाराशी जायचे, परत यायचे. घासलेली भांडी पुन्हा घासली. अंगण दोनदा झाडलं. मुलगा म्हणाला, आई, बस ना जरा. मला बसता येत असतं तर बसले नसते का.

शनिवारी दुपारी मी धीर केला. औषध देता देता म्हटलं, "अहो, माझ्या नावाचा जरा घोटाळा झालाय. बँकेत दुरुस्त करावं लागेल."

"नंतर करू. ऑपरेशन व्हवा दे."

"आधी केलेलं बरं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी काय मरी राहिनू का?"

मी औषधाची बाटली घेऊन आत आले. बाटलीचं झाकण बाहेरच राहिलं होतं, ते आणायलाही गेले नाही. त्यानंतर रविवारभर आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. मला त्यांचा राग येत होता आणि राग येतो याची लाज वाटत होती. हृदयाच्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या फायली तपासल्या, एकेका आकड्यासाठी कंत्राटदाराला परत पाठवलं, त्याला स्वतःच्या बायकोच्या नावाची एवढी मोठी चूक दिसू नये? तहान लागल्यावर विहीर खणायची, तीही बायकोने, आणि वर तिनेच ऐकून घ्यायचं.

सोमवारी सकाळी मी कोणाला न सांगता पिशवीत फाईल घातली आणि धुळ्याची बस पकडली. सुनेला फक्त स्टँडवरून फोन केला. एरंडोल आलं तसं खिडकीतून माहेरचा फाटा दिसला. त्या फाट्यापासून आत तीन मैलांवर मला सगळे जुन्या नावाने ओळखत होते. आता तिथेही ओळखणारे दोनचारच उरलेत.

पेन्शन धुळ्याच्या कोषागारातून यायची. तिथला कारकून ह्यांना ओळखत होता, दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला हे जातीने जायचे म्हणून. त्याने मला बसायला खुर्ची दिली. "अक्का," तो म्हणाला, "पेन्शनरने स्वतः अर्ज केला तर काम सोपं. अर्ज मुंबईला जाईल, दुरुस्ती होऊन येईल. पण माणूस गेल्यावर बाईने एकटीने हे करायचं म्हटलं तर…" आणि त्याने बाहेरच्या बाकाकडे मान वळवली.

बाकावर माझ्याच वयाची एक बाई प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शिरपूरकडच्या कुठल्या गावाची. मी तिच्या शेजारी जाऊन टेकले. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिचीही दोन नावं. पिशवीत तलाठ्याचा दाखला, सरपंचाचा दाखला, लग्नातल्या भटजीचं पत्रसुद्धा. मी विचारलं, मग आता काय म्हणतात? ती अगदी शांतपणे म्हणाली, "मनं नाव काय शे, ते आते ह्या सायेब ठरावतीन."

तिची ती शांती मला सहन झाली नाही. येतानाच्या बसमध्ये बसायला जागा होती तरी मी पारोळ्यापर्यंत उभीच होते.

घरी आले तेव्हा हे व्हरांड्यात बसले होते. कुठे गेली होती म्हणून चेहरा काळजीने उतरलेला. मी चप्पलही काढली नाही. जे तोंडात आलं ते बोलले, आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

"तुम्ही नाशिकहून हसत परत या, मी देव पाण्यात घालून बसलेय. पण नाहीच आलात तर मी रडायचं कधी? रांगेत? तुमच्या तेराव्याला मी घरात बसायचं की तहसीलला? लोकांनी मला विचारायचं, बाई, तू त्यांची नक्की कोण? तीन तीन ठिकाणी पैसे ठेवलेत माझ्यासाठी, आणि मी कोण तेच कुठे धड लिहिलेलं नाही. आज एक बाई बघून आले. मला त्या बाकावर बसवायचंय का तुम्हाला?"

मुलगा आतून धावत आला. त्याला वाटलं, आता आप्पांना काहीतरी होतं. हे बोटं पाहत बसले. मग म्हणाले, "ते नाव मी ठेवेल शे. मायनी नही."

मला कळलं नाही. मग त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं. सासूबाईंना दुसरंच नाव हवं होतं, खरंच मावशीचं. हे नको म्हणाले. साखरपुड्यानंतरचा महिनाभर त्यांनी ऑफिसच्या वहीत मागच्या पानावर नावं लिहून लिहून पाहिली होती, आपल्या नावाशेजारी कोणतं शोभतं ते. त्यातलं हे एक निवडलं. आईशी त्यावरून भांडले. आणि एवढं करून लग्नानंतर ते मोठ्याने उच्चारायची लाज वाटली, सगळ्यांदेखत बायकोला नावाने कोण हाक मारतं. म्हणून मग जिथे कुठे लिहायला मिळालं तिथे लिहिलं. "कागदवरथून काढी टाकं," ते म्हणाले, "तर मंग ऱ्हायनं काय?"

सदतीस वर्षं मी त्या नावाचा राग सासूबाईंवर काढला होता. बिचाऱ्या वर गेल्या तरी काढत होते. मी खाली पायरीवर बसले आणि मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. रडताना चप्पल पायातच होती.

थोड्या वेळाने ह्यांनीच सुनेला हाक मारली. "आन, कोठे सही करनी शे?"

मंगळवारी आम्ही त्यांना रिक्षाने तहसीलला नेलं, हळूहळू, पायऱ्यांवर मधे थांबवत. प्रतिज्ञापत्र तयार होतं. तिथल्या साहेबांनी विचारलं, तुमच्या पत्नीचं नाव काय, तोंडाने सांगा. ह्यांनी घसा साफ केला. आधी माहेरचं सांगितलं. मग तांदळातलं. मग म्हणाले, दोन्ही एकच बाई आहे, ही, आणि माझ्याकडे बोट केलं. चार परक्या माणसांपुढे. मी साठीला टेकलेली बाई, पदराने तोंड झाकलं. मग बँक झाली, ठेव दोघांच्या नावावर आली. पोस्टात वारस दुरुस्त झाला. पेन्शनचा अर्ज राहिला होता, तो बुधवारी नाशिकला जाता जाता धुळ्यात दिला. मुलाने गाडी कोषागारासमोर उभी केली आणि तो कारकून स्वतः पायऱ्या उतरून गाडीपाशी आला. ह्यांनी मागच्या सीटवर, मांडीवर फाईल ठेवून सही केली. अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का बसला. बाकावर ती बाई नव्हती. तिचं काम झालं की ती थकून घरी गेली, ते मी विचारलं नाही, माझ्याच्याने विचारवलं नाही.

त्याआधी मंगळवारी संध्याकाळी एक गोष्ट झाली, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. पाच वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं लग्न झालं तेव्हा तांदळाचं ताट मी भरलं होतं. सुनेने तेव्हा हळूच म्हटलं होतं, माझं आहे तेच राहू द्या ना. मी म्हटलं, अगं, रीत आहे, आम्ही नाही का बदललं. नवीन नाव मीच निवडलं होतं, आणि घरात मी तिला त्याच नावाने हाक मारते. तर मंगळवारी मी मुलाला म्हटलं, तुझा विमा, तुझा पीएफ, सगळं बाहेर काढ, हिचं नाव बघू दे. मुलगा बायकोकडे बघायला लागला.

"काढायला नको, आई," ती म्हणाली. ती निळी फाईल नीट लावत होती. "मी लग्नानंतर महिन्याभरातच बघितलं होतं. सगळीकडे माझंच आहे. पहिलंच."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही एवढ्या हौसेने ठेवलं होतं. म्हटलं, तुम्हाला घरात हाक मारायला असू दे." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. एका घरात राहून मी पाच वर्षं एका पोरीला तिच्या नसलेल्या नावाने हाका मारत होते आणि ती दर वेळी ओ देत होती. मी तिच्या हातातून फाईल घेतली आणि तिला तिच्या पहिल्या नावाने म्हटलं, जा, तू जेवून घे. ती पटकन वळलीच नाही. तिला कळायला क्षणभर लागलं.

गुरुवारी नाशिकला सकाळी सहाला ह्यांना तयार केलं. नर्सने माझ्याकडून संमतीच्या फॉर्मवर नाव लिहून घेतलं, आधारशी ताडून पाहिलं, ठीक आहे म्हणाली. एकही प्रश्न नाही. मग स्ट्रेचर आणलं. मी सोबत चालत होते, मोठ्या दारापर्यंत. पुढे यायचं नाही असं सांगून त्यांनी मला थांबवलं. दार अर्धं उघडलं, स्ट्रेचर आत जायला लागलं, आणि आमच्या ह्यांनी मान उचलली. पडल्या पडल्या, सगळ्या त्या हिरव्या कपड्यांतल्या माणसांदेखत, त्यांनी मला नावाने हाक मारली. तांदळातल्या. गेल्या दोन दिवसांत आम्ही ज्याला कागदांवरून काढत आलो होतो त्या.

नर्स गोंधळली. तिने हातातला फॉर्म पाहिला, मागे पाहिलं, मग मला विचारलं, "ह्या कोण? त्यांना बोलवायचंय का?"

"मीच ती," मी म्हटलं, आणि त्यांना ऐकू जावी म्हणून मोठ्याने ओ दिली.